सोलाण्याची मूठ

तलवारीच्या मुठीविषयीं इतिहासाच्या अभ्यासकांनीं पुष्कळ लिहिलें आहे. मूठ कोणत्या धातूची होती, तिच्यावर सोन्याचें काम होतें कीं नव्हतें, आंत बोटें कशीं बसत, या सर्वांचीं वर्णनें संग्रहालयांच्या सूचींत वाचावयास मिळतात. परंतु जी मूठ मनुष्यजातीच्या निम्म्या भागानें रोज दोन वेळां हातांत धरली त्या सुरीच्या, पळीच्या, किसणीच्या मुठीचा इतिहास लिहावा असें फारसें कोणास सुचलें नाहीं. आम्हांसही सुचलें नव्हतें. सुमारें तीस वर्षें महाविद्यालयांत इतिहास शिकवून आम्हीं तह, लढाया आणि सनदा यांचीच उजळणी केली.

या विषयाकडे आमचें लक्ष गेलें तें आमच्या वडील भगिनींमुळें. अक्कांचें वय आतां सत्तरीच्या पुढें आहे आणि संधिवातानें त्यांचे दोन्ही हात धरले आहेत. सकाळीं उठल्यावर तासभर तरी बोटें मिटत नाहींत. स्वयंपाक मात्र त्यांनीं सोडलेला नाहीं, आणि सोडा म्हणण्याची आमची कोणाची छाती नाहीं. परदेशीं राहणाऱ्या आमच्या भाचीनें मागें एकदां त्यांच्यासाठीं बटाट्याची साल काढण्याचें एक सोलाणें आणलें. त्याची मूठ काळी, जाड, रबरासारखी मऊ, आणि पात्याजवळ तिच्या दोन्ही अंगांस माशाच्या कल्ल्यांसारख्या बारीक चिरा. अक्कांनीं तें उलटसुलट करून पाहिलें, दोन बटाटे सोलले, आणि त्या म्हणाल्या, “ही मूठ ज्यानें केली ना, त्याचे स्वतःचे हात दुखत असले पाहिजेत रे.”

इतिहासाच्या अध्यापकास असें वाक्य ऐकलें कीं तें एक अनुमान वाटूं लागतें, आणि अनुमानास पुरावा शोधण्याची खोड त्यास जन्मभर लागलेली असते. प्रस्तुत लेख त्या खोडीचें फळ होय.

प्रथम रोगाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. संधिवात हा एक रोग नव्हे, रोगांचा एक मोठा गोतावळा आहे. त्यांतील दोन प्रकार हातास विशेष पीडा देतात. पहिला झिजेचा: सांध्यांतील कूर्चा वयोमानानें झिजते आणि हाडास हाड लागूं लागतें. अंगठ्याचें मूळ हें या झिजेचें आवडतें ठिकाण. दुसरा दाहाचा, ज्यास आपल्याकडे सामान्यतः आमवात म्हणतात. यांत शरीराची संरक्षक शक्ति स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, सांधे सुजतात, आणि पुढें पुढें बोटें करंगळीच्या दिशेस कलूं लागतात. या दुसऱ्या प्रकारास पाश्चात्य वैद्यकांत आज रूढ असलेलें नांव लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गॅरड यांनीं १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत दिलें. तोंपर्यंत हा रोग आणि श्रीमंतांचा म्हणून गाजलेला ‘गाउट’ यांची सरमिसळ होत असे.

आतां अशा हातांत एक बारीक मुठीचें हत्यार द्या. मूठ जितकी बारीक तितकी चिमूट घट्ट आवळावी लागते, आणि चिमूट हीच तर या हाताची वैरीण. १९७७ सालीं कूनी व चाओ या अमेरिकन संशोधकांनीं गणितानें दाखवून दिलें कीं, चिमटीच्या टोकाशीं एक किलोचा जोर लावला असतां अंगठ्याच्या मुळाशीं असलेल्या सांध्यावर सुमारें बारा किलोंचा दाब पडतो. बटाटा सोलणें हें आपणांस किरकोळ काम वाटतें. परंतु ज्याच्या अंगठ्याचें मूळ झिजलें आहे त्याला दर फटकाऱ्यास हा बारापट हिशेब चुकवावा लागतो. त्यांत मूठ ओल्या हातांतून निसटणारी असली तर ती आणखी आवळावी लागते. अमेरिकेंत व युरोपांत पिढ्यान् पिढ्या वापरांत असलेलें सोलाणें म्हणजे पत्रा वाकवून केलेली अरुंद मूठ आणि तींत डुलणारें पातें. तें बनविण्यास स्वस्त, धुण्यास सोपें, आणि धरण्यास मात्र अशा हाताला शिक्षाच.

वैद्यांचें लक्ष अर्थातच औषधाकडे होतें. १९४८ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें डॉ. फिलिप हेंच यांनीं संधिवातानें खिळलेल्या एका स्त्रीस पुढें ‘कॉर्टिझोन’ म्हणून प्रसिद्धीस आलेलें द्रव्य टोचलें आणि कांहीं दिवसांत ती चालूं लागली. १९५० सालीं हेंच यांस दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळालें. औषधाचे दुष्परिणाम लवकरच ध्यानांत आले आणि चमत्काराचा रंग उतरला. असो, औषधांचा इतिहास सांगण्याचें हें स्थळ नव्हे. आम्हांस लक्षणीय वाटलें तें एवढेंच कीं, त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्यें कांहीं मंडळी रोग्याकडे पाहण्याऐवजीं रोग्याच्या ओट्याकडे पाहूं लागलीं होतीं.

या मंडळींचे अग्रणी डॉ. हॉवर्ड रस्क. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन हवाई दलांतील जखमी सैनिकांस केवळ बरें करून भागत नाहीं, त्यांस पुन्हां कामास लावलें पाहिजे, हें त्यांनीं प्रत्यक्ष अनुभवानें ओळखलें. युद्धानंतर न्यूयॉर्क विद्यापीठाच्या आश्रयानें त्यांनीं पुनर्वसनाची जी संस्था उभी केली तींत एक प्रश्न लवकरच पुढें आला. पाय गेलेल्या सैनिकास कारखान्यांत काम देतां येईल. पण ज्या स्त्रीचा एक हात लुळा पडला आहे, किंवा जिचीं बोटें वळत नाहींत, तिचें काम कोणतें? तिचें काम घरांतच होतें. तेव्हां घरकामाचें शिक्षण तिला नव्यानें द्यावें असें ठरलें. या कामीं लिलियन गिल्ब्रेथ या बाईंचें साहाय्य झालें. या विदुषी बारा मुलांच्या आई, आणि कारखान्यांतील हालचालींचें मोजमाप करणाऱ्या शास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकीं एक. १९२४ सालीं पति वारल्यावर कारखानदार एका स्त्रीचा सल्ला घेण्यास कचरूं लागले, तेव्हां त्यांनीं आपलें शास्त्र स्वयंपाकघरांत नेलें. हृद्‌रोगी स्त्रियांकरितां त्यांनीं ज्या स्वयंपाकघराची योजना केली त्यांत बसून काम करतां येत असे, नेहमींच्या वस्तु हाताच्या टप्प्यांत असत, आणि जड भांडें उचलण्याऐवजीं सरकवितां येई. १९५५ सालीं रस्क यांच्या संस्थेंतून अपंग गृहिणींस शिकविण्यासाठीं एक स्वतंत्र पुस्तकच निघालें.

या चळवळीवर आज एक आक्षेप घेतां येतो, आणि तो खरा आहे: स्त्रीची जागा चुलीपाशीं हें तिनें गृहीतच धरलें होतें. तथापि तिच्या पदरीं एक पुण्य बांधलेंच पाहिजे. घरकाम हें काम आहे, त्यास बळ लागतें, कौशल्य लागतें, आणि तें मोजतां येतें, ही गोष्ट वैद्यकानें पहिल्यानें येथें मान्य केली.

तेथें शिकविल्या जाणाऱ्या युक्त्यांपैकीं एक आम्हांस फार ओळखीची वाटली. लांकडी फळीस खालून दोन-तीन खिळे ठोकावयाचे आणि वर आलेल्या टोकांवर बटाटा रोवावयाचा, म्हणजे तो एका हातानेंच सोलतां येतो. वस्तु स्थिर करावी आणि हात मोकळा ठेवावा, हें यांतील तत्त्व. आपली विळी याच तत्त्वाची, फक्त उलट्या बाजूनें. तिच्यांत पातें स्थिर, तें पायानें दाबून धरलेलें. हातानें कोणतीही मूठ आवळावयाची नाहीं, भाजी तेवढी पुढें ढकलावयाची. हातांच्या सांध्यांची सोय पाहिली तर सुरीपेक्षां विळी कितीतरी दयाळू. पण विळीस मांडी घालून किंवा पाट घेऊन जमिनीवर बसावें लागतें, आणि हातांबरोबर गुडघेही गेलेले असले म्हणजे तिची दया व्यर्थ होते. आमच्या घरची विळी अक्कांनीं याच कारणानें माळ्यावर टाकली.

संस्थांनीं शिकविलेल्या युक्त्यांपेक्षां रोग्यांनीं एकमेकांस शिकविलेल्या युक्त्यांचा इतिहास अधिक मनोरंजक आहे. ओहायो संस्थानांतील क्लीव्हलंड येथें पोलिओच्या रुग्णांसाठीं ‘टूमी पॅव्हिलियन’ नांवाचा विभाग होता. तेथून घरीं गेलेल्या रुग्णांसाठीं १९५८ सालीं एक लहानसें वार्तापत्र सुरू झालें, आणि जिनी लॉरी या बाईंनीं त्याचें संपादन करून तें देशोदेशीं पोंचविलें. १९७० पासून तें ‘रिहॅबिलिटेशन गॅझेट’ या नांवानें निघूं लागलें. श्वसनयंत्रावर असलेले, चाकाच्या खुर्चींत बसून संसार करणारे वाचक त्यांत आपापल्या कॢप्त्या लिहून पाठवीत. संधिवाताचे आणि पोलिओचे हात निराळ्या कारणांनीं दुर्बळ होतात; पण बाजारांत आपल्या हाताजोगी वस्तु मिळत नाहीं म्हणून ती घरींच करून घेणें, हें दोघांचेंही नशीब. इतिहासकारांनीं या पत्राकडे अलीकडेच लक्ष दिलें आहे. बेस विल्यमसन यांच्या २०१९ सालच्या ग्रंथांत त्याची चांगली दखल घेतलेली आहे.

संधिवातापुरतें बोलावयाचें तर विचारास एक निश्चित वळण १९६५ सालीं मिळालें. जॉय कॉर्डरी या व्यवसायोपचार करणाऱ्या बाईंनीं त्या वर्षीं एक निबंध लिहून सांधे जपण्याचे नियम सांगितले. दुखणें हा शरीराचा इशारा समजावा. लहान सांध्यावर पडणारा भार मोठ्या सांध्यावर न्यावा. बोटांनीं उचलण्याऐवजीं तळव्यानें, एका हाताऐवजीं दोन हातांनीं उचलावें. आणि ज्या दिशेस बोटें वांकडीं होत आहेत त्याच दिशेस त्यांस ढकलणारें काम टाळावें. बरणीचें फिरकीचें झांकण उजव्या हातानें उघडतांना बोटें नेमकीं करंगळीकडे रेटलीं जातात. तेंच डाव्या हातानें उघडलें तर रेटा उलट बसतो. इतकी साधी गोष्ट, पण ती कोणी तरी हाताकडे टक लावून पाहिल्याखेरीज सुचत नाहीं.

असें टक लावून पाहणारे दोघेजण पुढें स्वीडनमध्यें निघाले. मारिया बेंक्ट्सोन आणि स्वेन-एरिक यूलीन हीं त्यांचीं नांवें. यूलीन हे गुस्ताव्हस्बेर्ग या जुन्या कारखान्यांत प्लॅस्टिकच्या वस्तु घडवीत. बेंक्ट्सोन बाई स्टॉकहोमच्या कलाशाळेंतून नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्यांनीं दुर्बळ हातांच्या माणसांचा अभ्यास आरंभिला. हीं माणसें वस्तु कशी धरतात, जोर कोठून आणतात, मनगट कोठें वळतें, हें त्यांनीं पाहिलें आणि मुठींचे नमुने करकरून त्यांच्याच हातीं दिले.

या अभ्यासांतून पाव कापण्याची जी सुरी निघाली ती पाहतांच प्रथम हंसूं येतें. तिची मूठ पात्याच्या सरळ रेषेंत नाहीं. ती सुताराच्या करवतीच्या मुठीसारखी पात्यावर उभी आहे. पण विचार करूं लागलें कीं हंसूं मावळतें. नेहमींची सुरी धरून खालीं दाबतांना मनगट करंगळीकडे मोडावें लागतें, आणि सारा जोर बोटांनीं व मनगटानें पेलावा लागतो. उभ्या मुठीनें मनगट सरळ राहतें. जोर कोपरापासून, खांद्यापासून येतो, आणि बोटांनीं फक्त मुठीभोवतीं विसावावयाचें. सुरीबरोबर एक चौकट होती. पाव तींत बसवावयाचा आणि चौकटीच्या खांचेंतून सुरी मागें-पुढें ओढावयाची, म्हणजे पाव हालत नाहीं, सुरी भरकटत नाहीं, आणि ती तोलून धरण्याचे श्रमही वाचतात. सुतारास लांकूड कापण्यासाठीं जी मूठ शतकानुशतकें मिळाली होती ती भाकरी कापणाऱ्या हाताला मिळण्यास १९७४ सालापर्यंत थांबावें लागलें. हें वाक्य लिहितांना आमचेंच आम्हांस नवल वाटतें. करवत पुरुषाच्या हातांत होती, एवढ्यावरून सारा उलगडा होतो असें आम्ही म्हणणार नाहीं. पण कांहीं उलगडा होतो खास.

याच दोघांनीं पुढें एर्गोनोमी डिझाइन या मंडळींतून जेवणाचे काटे-चमचे व पेलेही घडविले. १९८८ सालीं न्यूयॉर्क येथील आधुनिक कलासंग्रहालयानें वृद्ध व अपंग यांच्या स्वतंत्र जीवनास उपयोगी पडणाऱ्या वस्तूंचें जें प्रदर्शन भरविलें त्यांत या स्वीडिश वस्तूंस मानाचें स्थान मिळालें. ज्या वस्तु तोंवर रुग्णालयाच्या कपाटांत असत, त्या चित्रांच्या व शिल्पांच्या शेजारीं येऊन बसल्या. अमेरिकेंतही अशा विचाराचीं माणसें नव्हतीं असें नाहीं. मार्क हॅरिसन या प्राध्यापकांनीं ‘क्विझिनार्ट’ या वाटण-चिरण करणाऱ्या यंत्रास मोठी मूठ, रुंद कळ आणि ठळक अक्षरें दिलीं होतीं. लहानपणीं डोक्यास इजा होऊन त्यांस चालण्याबोलण्यापासून सारें पुन्हां शिकावें लागलें होतें. तरीही साधीं, विजेवांचून चालणारीं, दोन-चार डॉलरांचीं हत्यारें होतीं तशींच राहिलीं.

आतां अक्कांच्या सोलाण्याकडे येतों.

सॅम फार्बर हे न्यूयॉर्कचे व्यापारी, जन्म १९२४ चा, शिक्षण हार्वर्डचें. स्वयंपाकाच्या भांड्यांचा धंदा त्यांच्या रक्तांतच होता. ‘फार्बरवेअर’ ही सुप्रसिद्ध पेढी त्यांच्या चुलत्यांनीं काढलेली. स्वतः सॅम यांनीं १९६० सालीं ‘कॉप्को’ नांवाची कंपनी काढून मिना चढविलेलीं रंगीत भांडीं विकलीं, आणि पुढें ती दुसऱ्यांस देऊन ते निवृत्त झाले. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हें दांपत्य दक्षिण फ्रान्समध्यें एक घर भाड्यानें घेऊन राहिलें होतें. पत्नी बेट्सी यांनीं वास्तुशास्त्राचें शिक्षण घेतलेलें होतें आणि त्यांच्या हातांत संधिवाताचा शिरकाव झालेला होता. एके दिवशीं सफरचंदें सोलतांना तेथलें तें पत्र्याचें सोलाणें त्यांच्या हातास बोचूं लागलें. साधीं हत्यारें हातास का दुखावीं, हा प्रश्न येथें निघाला.

पुढील हकीकत बरीच नीट नमूद झालेली आहे. फार्बर यांनीं ‘स्मार्ट डिझाइन’ या न्यूयॉर्कच्या मंडळीस हें काम सांगितलें, आणि त्या मंडळीनें रोख मोबदल्यापेक्षां विक्रींतील हिश्श्यावर मुख्य भिस्त ठेवली. वृद्धांच्या अडचणी जाणणाऱ्या पॅट्रिशिया मूर यांचा सल्ला घेण्यांत आला. या बाईंची गोष्ट वेगळ्या लेखाचा विषय होईल: १९७९ पासून तीन वर्षें, स्वतः विशींत असतांना, त्या सुरकुत्यांचा मुखवटा चढवून, सांध्यांस पट्ट्या बांधून, म्हातारीच्या वेषांत अमेरिकेंतील व कॅनडांतील शंभराहून अधिक शहरांत हिंडल्या, आणि जग म्हाताऱ्या माणसाशीं कसें वागतें तें त्यांनीं सोसून पाहिलें.

मुठीचे अनेक नमुने झाले. अखेर जी ठरली ती जाड होती, म्हणजे चिमटीऐवजीं मुठीनें धरतां येई. तिचा छेद लंबवर्तुळाकार होता, म्हणजे ती हातांत गरगर फिरत नसे. आणि तिच्या शेवटास मोठें भोंक होतें, त्यानें ती टांगतांही येई आणि हलकीही होई. पदार्थ निवडला तो ‘सँटोप्रीन’, मोन्सँटो या कारखान्याचें रबरासारखें एक प्लॅस्टिक. यंत्रांतून पाणी किंवा हवा झिरपूं नये म्हणून त्यांचे जोड ज्यानें बंद करीत, तोच हा पदार्थ माणसाच्या सांध्यांच्या उपयोगीं आला. बाजूच्या कल्ल्यांसारख्या चिरा अंगठा व तर्जनी टेकतात त्या जागीं दबतात. परंतु त्यांचें अर्धें काम दुकानांतच होत असे. गिऱ्हाइकाचें बोट सहज तेथें जाई, चिरा दाबून पाही, आणि वस्तु मऊ आहे हें त्याला कोणी सांगण्याची गरज उरत नसे.

१९९० सालीं अशीं पंधरा हत्यारें ‘ऑक्सो गुड ग्रिप्स’ या नांवानें बाजारांत आलीं. ऑक्सो हें नांव रोमन लिपींत उलटें धरलें तरी, उभें धरलें तरी तसेंच वाचतां येतें. व्यापाऱ्याच्या या हिकमतीस आम्ही दाद देतों. त्याच वर्षीं, २६ जुलै रोजीं, अपंगांस समान वागणूक देणारा अमेरिकेचा मोठा कायदा राष्ट्राध्यक्षांच्या सहीनें संमत झाला. दोन्ही गोष्टींचा परस्परांशीं कार्यकारणसंबंध नाहीं. हवा मात्र एकच होती. १९९२ सालीं कंपनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीनें विकत घेतली, आणि २००४ सालीं ती ‘हेलन ऑफ ट्रॉय’ या पेढीकडे २७३ दशलक्ष डॉलरांस गेली. सोलाणें आधुनिक कलासंग्रहालयाच्या संग्रहांत जाऊन बसलें.

या यशाचें एक कारण जाणते लोक आवर्जून सांगतात: हीं हत्यारें संधिवाताचीं म्हणून विकलींच नाहींत. तीं औषधांच्या दुकानांत न ठेवतां भांड्यांच्या दुकानांत ठेवलीं. वेष्टनावर रोगाचा उच्चार मुख्यत्वानें नव्हता. आणि तरण्या माणसाच्या हातांसही तीं आवडलीं. एकाच वस्तूचा लाभ सर्वांस व्हावा, रोग्यास निराळें काढूं नये, हें तत्त्व वास्तुविशारद रोनाल्ड मेस यांनीं ‘युनिव्हर्सल डिझाइन’ या नांवानें मांडलें होतें. हें सोलाणें त्या तत्त्वाचें ठेवणींतलें उदाहरण झालें. रोग्यासही यांत मोठें सुख आहे. आजारपणाचें बिरुद न मिरवितां त्यास बाजारांतून वस्तु घेतां येते. स्वीडनची सुरी हातांत घेणारा माणूस ‘माझे हात अधू आहेत’ असें जगास सांगतो. ऑक्सोचें सोलाणें घेणारा कांहींच सांगत नाहीं. किंमत मात्र साध्या पत्र्याच्या सोलाण्यापेक्षां बरीच अधिक होती, आणि सर्वांसाठीं म्हटलेल्या वस्तूंतून गरीब गळतो, ही उणीव त्या तत्त्वाच्या स्तुतिपाठकांनीं फारशी मनावर घेतलेली नाहीं.

परंतु रोग लपविला कीं रोग्याचें नांवही त्याबरोबर लपण्याचा संभव असतो. ऑक्सोच्या उत्पत्तीची जी कथा पाठ्यपुस्तकांत व व्याख्यानांत सांगितली जाते ती अशी: पत्नीचे हात दुखत होते, प्रेमळ व कल्पक पतीनें तें पाहिलें, त्याला युक्ति सुचली, आणि कुशल कारागिरांनीं ती उतरविली. या कथेंत बेट्सी फार्बर यांस काम एकच, दुखण्याचें. २०१८ सालीं लिझ जॅक्सन या अपंगांच्या हक्कांसाठीं लिहिणाऱ्या बाईंनीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्यें एक लेख लिहिला. त्यासाठीं त्यांनीं प्रत्यक्ष बेट्सी यांस गांठलें होतें. बेट्सी यांनीं सांगितलें तें निराळेंच होतें. त्यांच्या म्हणण्याप्रमाणें कल्पना मूळ त्यांची. हातास सुखावह होईल असें हत्यार कसें असावें याचा विचार त्यांनीं स्वतः केला. आणि आपण इतिहासांत केवळ दुखऱ्या हातांची बायको म्हणून उरूं, ही त्यांची खंत होती.

पुराव्याची छाननी करणें हा आमचा धंदा, म्हणून येथें जरा थांबतों. ही साक्ष घटनेनंतर जवळजवळ तीस वर्षांनीं झालेली आहे. सॅम फार्बर २०१३ सालींच वारले, त्यांस उलट विचारण्याची सोय नाहीं. कारागिरांनीं नमुन्यावर नमुने केले, व्यापाऱ्यानें भांडवल व जुन्या ओळखी खर्ची घातल्या, त्याचें श्रेय कोणी हिरावूं नये. एवढें मान्य करूनही आम्हांस बेट्सी यांची बाजू अधिक संभवनीय वाटते. जिचा हात दुखतो तिला तो नेमका कोठें आणि कोणत्या क्षणीं दुखतो हें दुसऱ्यास विचारावें लागत नाहीं. आणि जी वास्तुशास्त्र शिकलेली आहे तिला वस्तूच्या आकाराचा विचार करण्यास दुभाष्या लागत नाहीं. दुखणें आणि घडविणें हीं दोन कामें दोन निराळ्या माणसांचींच असलीं पाहिजेत, असें गृहीत धरल्याखेरीज प्रचलित कथा उभीच राहत नाहीं. आणि तें गृहीत कोणत्याही कागदांत सांपडत नाहीं. संग्रहालयाच्या सूचींत त्या सोलाण्यापुढें रचनाकार म्हणून ‘स्मार्ट डिझाइन’ हेंच नांव आहे.

हें सर्व आम्हीं एका संध्याकाळीं अक्कांस सांगावयास गेलों. त्यांचें अनुमान, निदान आमच्या मतें, खरें ठरलें होतें, आणि तें कळविण्याची आम्हांस घाई झाली होती. त्या थालीपीठ लावीत होत्या. आमचें बोलणें चालूं असतांना त्यांच्या हातांतील उलथण्याकडे आमची दृष्टि गेली. लोखंडी दांड्याभोवतीं जाडसर कांहीं तरी गुंडाळून वरून जुन्या लुगड्याची पट्टी घट्ट वेटाळलेली होती. झाऱ्याचा दांडाही तसाच. भिंतीवर टांगलेल्या पळीचाही तसाच. या वस्तु आम्ही रोज पाहत होतों. चटका बसूं नये म्हणून बायका असें करीत असतील, अशी आमची आजवर समजूत होती.

“हें केव्हां केलंत?” आम्हीं विचारलें.

“झालीं आठ-दहा वर्षें. आंत सायकलच्या ट्यूबचा तुकडा आहे. आधीं नुसतें फडकें बांधीत होतें, तें ओलें झालें कीं सरकायचें.” थालीपीठ उलटून त्यांनीं तव्यावर झांकण ठेवलें. “तुला आज दिसलें होय रे?”